कवळीचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'कवळी' असे उत्तर दिले आणि त्यांना वाटले, हा थट्टा करतो आहे. संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, किमान वेतनावर बोलावे, फार तर मे दिनाचा इतिहास सांगावा. दातांवर बोलायला गावात दंतवैद्य आहेत. ते खरेच आहे, आणि दात कसे राखावेत हे मी सांगणारही नाही. माझा विषय एवढाच की, माणसाचा दात पडल्यावर त्या जागी बसवायला त्याने आजवर काय काय वापरले, ते कोठून आणले, कोणी घडविले आणि ते शेवटी कोणाच्या तोंडात गेले. माझे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते वाचनालयात झाले. तेथे या विषयाची एकेक गोष्ट हाती लागत गेली, आणि कापसाच्या जिनिंगचा इतिहास वाचताना जे प्रश्न मनात येतात तेच येथेही येऊ लागले. म्हणून आज हे धाडस.

आधी खरा दात म्हणजे काय ते पाहू, म्हणजे नक्कल का कठीण ते कळेल. दातावरचे पांढरे कवच, ज्याला दंतवल्क म्हणतात, हे आपल्या शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य. वजनाने त्यात शेकडा ९६ भाग खनिज असते. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे अतिसूक्ष्म स्फटिक कडब्याच्या पेंढीसारखे एकमेकांना लगटून उभे असतात. त्याच्या आतला थर, म्हणजे दंतिन, त्याहून मऊ आणि चिवट. आपला लोहार कुऱ्हाडीला धारेपुरते पोलाद लावतो आणि मागे मऊ लोखंड ठेवतो, तशातलीच ही रचना आहे. नुसते कठीण द्रव्य घ्यावे तर ते घाव बसताच फुटते; नुसते चिवट घ्यावे तर झिजून जाते. त्यात आणखी एक अडचण अशी की, दात उगवून वर आला म्हणजे कवच घडविणाऱ्या पेशी संपून गेलेल्या असतात. मोडलेले हाड सांधते. दाताचे कवच गेले ते गेलेच.

तेव्हा सर्वांत सोपा उपाय माणसाला सुचला तो म्हणजे दाताच्या जागी दातच बसविणे. इटलीतील इट्रुस्कन लोक इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास सोन्याच्या पट्टीत दात बसवून ती पट्टी शेजारच्या धड दातांभोवती गुंडाळीत. थडग्यांतून अशा पट्ट्या सापडल्या आहेत. आपल्याकडे सुश्रुताने मुखरोगांचा विचार बारकाईने केला आणि दंतशंकू नावाचे हत्यारही सांगितले. सोने तर आपण दातात आवडीने मिरवले. मरतेवेळी तोंडात सोने हवे, ते दातातच असलेले बरे, असा हिशेब करणारी माणसे जुन्या पिढीत होती. जपानात मात्र एक निराळीच विद्या वाढली. तेथे कठीण लाकडातून अख्खी कवळी कोरीत. १५३८ साली वारलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची अशी कवळी आजही जतन केलेली आहे. ती टाळूला इतकी अचूक बेतलेली असे की स्प्रिंग किंवा तार न लावता लाळेच्या आधाराने चिकटून राही. युरोपला हे साधायला आणखी दोनशे वर्षे लागली. मूर्ती घडविणारे कारागीरच ही कामे करीत, असे मानतात. सुताराची आणि मूर्तिकाराची बोटे वैद्यकाच्या पुढे गेली होती, याचे मला नवल वाटत नाही.

आता या इतिहासाचे काळे पान. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची कवळी लाकडाची होती, असे अनेकांनी ऐकले असेल. ते खोटे आहे. १७८९ साली त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. बाकीचा कारभार पाणघोड्याच्या दाताचे हस्तिदंतासारखे द्रव्य, गुरांचे दात, शिसे, सोन्याची तार आणि माणसांचे दात यांवर चाले. त्यांच्या १७८४ सालच्या हिशेबवहीत एक नोंद आहे: निग्रोंना ९ दातांबद्दल, फ्रेंच दंतवैद्याच्या खाती, सहा पौंड दोन शिलिंग दिले. हे निग्रो म्हणजे गुलाम. त्याच दशकात अमेरिकेतील वर्तमानपत्रांत समोरच्या एका दाताला दोन गिनी देऊ, अशा जाहिराती येत. माझी सवय हिशेबाची, म्हणून मी गुणाकार केला. ९ दातांचे जाहिरातीच्या दराने अठरा पौंड अठरा शिलिंग होतात. गुलामांच्या हातावर पडला तो त्याचा तिसरा हिस्सा. शिवाय ज्याच्या देहावरच मालकाची मालकी, त्याने 'विकत नाही' म्हणायचे कोणाला?

पुढे १८१५ साली १८ जूनला वॉटर्लूची लढाई झाली. हजारो तरुण सैनिक रणात पडले, आणि रात्रीच पक्कड घेऊन माणसे फिरू लागली. तरुण शिपायाचा दात म्हणजे किडीचे नाव नाही, झीज नाही. हे दात इंग्लंडला गेले, उकळून, मुळे कापून हस्तिदंताच्या पाट्यांवर बसविले गेले आणि लंडनच्या धनिकांनी त्यांनी जेवण केले. 'वॉटर्लूचे दात' हे नाव व्यापारात पुढे कित्येक वर्षे टिकले. ज्यांनी लढाई जिंकली आणि ज्यांनी हरली, दोघांचेही दात एकाच टोपलीत. दुकानदाराने त्यांत भेद केला नाही.

या पाट्यांचा हस्तिदंत कोठला, असे विचाराल तर त्याचा एक मार्ग आपल्या मुंबईवरून जातो. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतला हस्तिदंत झांझिबारच्या बंदरातून मुंबईला येई. येथे त्याची निवड होई. काही भाग बांगड्यांसाठी देशात राही, आणि बराचसा पुन्हा जहाजावर चढून लंडनला जाई. आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत तो आणणारे हमाल डोक्यावर सुळा घेऊन शेकडो कोस चालत. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही आपली म्हण. या धंद्यात हत्तीचे दाखवायचे दात माणसाचे खायचे दात झाले. पण ते खाण्याला फार दिवस पुरत नसत. हस्तिदंत हा प्राण्याचा अवयव. लाळेत तो भिजतो, डागाळतो, कुजतो आणि त्याला दुर्गंधी सुटते.

या दुर्गंधीनेच पुढचे पाऊल पडले. पॅरिसजवळ दुशातो नावाचा एक औषधविक्या होता. औषधे चाखून चाखून त्याच्या कवळीला वास लागला होता. त्याच्या ध्यानात आले की, ज्या पोर्सेलिनच्या खलात आपण हीच औषधे रोज कुटतो त्याला ना डाग पडत, ना वास लागत. १७७४ साली तो पोर्सेलिनच्या कारखान्यात गेला आणि म्हणाला, माझी कवळी याची करून द्या. करायला गेले तर भट्टीत ती आकसली. चिनी माती, गारगोटी आणि फेल्डस्पार यांचा गोळा भाजला की लहान होतो, हे कुंभार जाणतो. पण माठ बोटभर लहान झाला तर चालते, कवळी सुतभर लहान झाली तरी हिरडीवर बसत नाही. शेवटी द्युबुआ द शेमाँ या दंतवैद्याच्या मदतीने ते साधले. मग काय झाले? दंतवैद्याने सुधारणा करून राजाकडून पेटंट स्वतःच्या नावे घेतले, औषधविक्याची बाजू न्यायालयात हरली, आणि फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत दंतवैद्य लंडनला जाऊन १७९१ मध्ये तेथलेही पेटंट मिळवून बसला. त्याला माती पुरविणारे कोण, तर प्रसिद्ध वेजवुडचा कारखाना. सुचले एकाला आणि पिकले दुसऱ्याला, हे कारखान्यात आपण रोज पाहतो.

अख्खी कवळी एकाच तुकड्यात भाजण्याऐवजी एकेक दात निराळा भाजावा आणि त्यात प्लॅटिनमची तार बसवावी, ही युक्ती फोंझी या इटालियनाने १८०८ मध्ये पुढे आणली. लंडनच्या क्लॉडियस अॅश या सोनाराने १८४० च्या सुमारास पोर्सेलिनचे दात इतके चांगले केले की मेलेल्या माणसांच्या दातांचा बाजार हळूहळू बसला. हा माणूस दंतवैद्य नव्हता, कारागीर होता. आणि गरिबाचे तोंड ओरबाडण्याचा धंदा कोणा धर्मोपदेशकापेक्षा त्याच्या भट्टीने अधिक थांबविला, असे माझे मत आहे.

पण हे दात बसवायचे कशावर? सोन्याच्या पाटीवर. म्हणजे पुन्हा श्रीमंतांचेच. दरम्यान होरेस वेल्स याने १८४४ साली हसविणारा वायू आणि मॉर्टन याने १८४६ साली ईथर वापरून दाखविले. दोघेही दंतवैद्य. दात काढणे बिनवेदनेचे झाले तसे ते भराभर काढले जाऊ लागले, आणि स्वस्त कवळीसाठी बोळकी तोंडे वाट पाहू लागली. ती वाट रबराने मोकळी केली. चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक मिसळून तापविण्याची कृती शोधली होती. त्याचा भाऊ नेल्सन याने १८५१ मध्ये कठीण रबराचे पेटंट घेतले. हे रबर, म्हणजे व्हल्कनाइट, मऊ असताना साच्यात दाबता येते, तापविल्यावर कठीण होते आणि हिरडीचा आकार हुबेहूब धरते. सोन्याच्या मानाने ते कितीतरी स्वस्त. रंग हिरडीसारखा दिसावा म्हणून त्यात हिंगूळ घालीत.

आणि येथेच कंपनी आडवी आली. 'गुडइयर डेंटल व्हल्कनाइट' नावाच्या अमेरिकन कंपनीने कवळीची पेटंटे विकत घेतली आणि प्रत्येक दंतवैद्याकडून वर्षाला परवान्याची फी व वर प्रत्येक कवळीमागे पैसे मागायला सुरुवात केली. जो देणार नाही त्याच्यावर दावा. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन स्वतः गावोगाव फिरून खटले भरी. सॅम्युएल चॅलफंट या दंतवैद्याने फी द्यायचे नाकारले. बेकनने त्याचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठलाग केला, आणि १८७९ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, सान फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात चॅलफंटच्या पिस्तुलाची गोळी लागून बेकन मेला. चॅलफंट तुरुंगात गेला. दोन वर्षांनी पेटंटाची मुदत संपली, आणि कंपनीने ते पुन्हा मिळविण्याचा प्रयत्न केला नाही. पिस्तुलाचे मी समर्थन करीत नाही. आम्ही संघटनेची माणसे सनदशीर मार्गाने जाणारी. पण चॅलफंट एकटा लढला ही त्याची शोकांतिका आहे. फी सगळेच देत होते आणि सगळेच शिव्या देत होते.

व्हल्कनाइटने सुमारे ऐंशी वर्षे राज्य केले. १९३० नंतरच्या दशकात अॅक्रिलिक आले. युद्धात विमानाच्या काचा ज्या द्रव्याच्या होत, तेच हे द्रव्य. १९४२ मध्ये मलाया जपानच्या हाती पडल्यावर दोस्त राष्ट्रांना रबर मिळेना, आणि अॅक्रिलिकचा प्रसार आणखी वेगाने झाला. महायुद्ध संपून थोडी वर्षे होतात न होतात तोच व्हल्कनाइट जवळजवळ नामशेष झाले. अॅक्रिलिक गुलाबी होते, हलके असते, दुरुस्त करता येते. आणि दातही त्याचेच केले तर पाटीशी एकजीव होतात. पोर्सेलिनचे दात जेवताना टकटक वाजतात आणि समोरच्या खऱ्या दाताला झिजवतात. अॅक्रिलिकचे मुकाट्याने स्वतः झिजतात.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. हैदराबादहून मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज १९०० साली सुरू झाली, आणि ज्याची ऐपत होती त्याने त्या गाडीने हैदराबाद तरी गाठावे, नाहीतर मनमाडवरून मुंबई. देशातले पहिले दंतमहाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात १९२० साली काढले; मुंबईत नायर रुग्णालयाचे १९३३ मध्ये निघाले. मराठवाड्यात शासकीय दंतमहाविद्यालय औरंगाबादेस व्हायला १९८२ साल उजाडले. मधल्या काळात गरिबाला कोण होते? बाजारातला दात काढणारा. मोठ्या शहरांत चिनी दंतवैद्यांची घराणी होती, त्यांचा हात चांगला समजला जाई. आमच्या परभणीला तुराबुल हक्क दर्ग्याच्या उरुसात मी लहानपणी पाहिलेले दृश्य असे: सतरंजीवर काढलेल्या दाढांचा ढीग, शेजारी तयार कवळ्या मांडलेल्या, आणि गिऱ्हाईक चपला घालून पाहावी तशी एकेक तोंडात घालून पाहत आहे. हसू नका. दुसरी सोय नव्हती.

१९४८ च्या दंतवैद्य कायद्याने या धंद्याला शिस्त आली. पण त्या कायद्याने एक गोष्ट केली जी फार थोड्यांना ठाऊक आहे. कवळी घडविणाऱ्या कारागिराची, ज्याला त्यात डेंटल मेकॅनिक म्हटले, वेगळी नोंदवही ठेवण्याची तरतूद झाली. २०२३ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा आयोग नेमणारा कायदा केला. तो असो. मुद्दा हा की आपल्या तोंडात जी कवळी बसते ती डॉक्टरांनी घडविलेली नसते. डॉक्टर माप घेतात. त्या मापावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात, मग मेण वितळवून त्या पोकळीत अॅक्रिलिकची कणीक दाबायची, पाण्यात उकळायची, फोडून काढायची, घासायची, चमकवायची. हे सर्व करणारा माणूस आपल्याला कधी दिसत नाही. त्याच्या हाताला त्या द्रावाने पुरळ येते. पोर्सेलिन घासताना वाळूची धूळ, धातूची पाटी घासताना कोबाल्ट-क्रोमची धूळ, आणि ती त्याच्या छातीत बसते. जिनिंगच्या कामगाराला कापसाची धूळ बाधते हे आम्ही ओरडून ओरडून सांगितले. याची धूळ मोजायला अजून कोणी गेलेले नाही.

ज्याच्यासाठी कवळी घडते त्या श्रमिकाचे काय? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. हात तुटला तर शेकडा किती, अंगठा गेला तर किती, करंगळीचे एक पेर गेले तर किती, असा त्यात बारीक हिशेब होता. त्या यादीत दात नव्हते. एका कारखान्यात पट्टा तुटून एका कामगाराचे समोरचे सहा दात पडले तेव्हा मी ते परिशिष्ट तीन वेळा वाचले. मालकाचा वकील म्हणाला, दाताने हा माणूस काम करीत नव्हता, मग कमाईची शक्ती कमी झाली कशी? कायद्याच्या दृष्टीने त्याचा प्रश्न चोख होता. ज्वारीची भाकरी हा प्रश्नाचा भाग नव्हता. आपल्या कृषी विद्यापीठाने ज्वारीच्या एका वाणाला 'परभणी मोती' असे सुरेख नाव दिले आहे. ते मोती चावायला मोत्यांची दुसरी रांग लागते, हे कोणत्याच परिशिष्टात लिहिलेले नव्हते.

याउलट इंग्लंडचे उदाहरण घ्या. तेथे गेल्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तरेकडच्या गिरणगावांत लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून तिला कवळी आंदण देण्याची रीत होती. पुढे दातांचा खर्च नवऱ्यावर पडू नये म्हणून. १९४८ च्या जुलैमध्ये तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि कवळी मोफत मिळू लागली. वर्षानुवर्षे हिरड्यांनी जेवणाऱ्या माणसांची इतकी रीघ लागली की सरकारचे अंदाजपत्रक कोलमडले. १९५१ साली कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रखर्च वाढला तेव्हा मजूर सरकारनेच कवळी आणि चष्मे यांवर आकार बसविला. ही सेवा उभी करणारा अॅन्यूरिन बेव्हन तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला माणूस. त्याने त्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले. आकार होता कवळीच्या निम्म्या किमतीचा, आणि त्यासाठी मंत्रिमंडळ सोडले म्हणून लोक त्याला हट्टी म्हणाले. मला तो हट्टी वाटत नाही.

आमच्या मोंढ्यात एक म्हातारे हमाल होते. त्यांना मुलाने कवळी करून दिली होती, पण ती कायम कोनाड्यात. मी विचारले, "मामा, लावीत का न्हाई?" ते म्हणाले, "ती लगीनसराईची हाय, भाकरीची न्हाई." गांधीजींचे याच्या उलट होते, ते कवळी फक्त जेवताना लावीत, इतर वेळी बोळक्याने हसत. मामांची अडचण त्यांना कोणी समजावून सांगितली नव्हती. दात गेले की जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते. आज घट्ट बसणारी कवळी काही वर्षांत सैल होते. तिला आतून नवे अस्तर भरावे लागते. आणि चांगल्यात चांगल्या कवळीनेही खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच जोर लागतो. मामा भाकरी आमटीत कुस्करून खात राहिले.

अलीकडच्या शोधांविषयी थोडक्यात सांगतो. १९५५ मध्ये बुओनोकोरे याने दाताच्या कवचावर सौम्य आम्ल लावले की भराव पक्का धरतो हे दाखविले. धातूला रंग देण्यापूर्वी आम्ल लावतात, त्या कारखान्यातल्या रिवाजावरून त्याला ही कल्पना सुचली. १९६२ मध्ये बोएन याने गारगोटीची भुकटी आणि राळ यांचे मिश्रण पेटंट केले; आज दातात पांढरा भराव भरतात तो त्याच वंशातला. १९६५ मध्ये स्वीडनच्या ब्रोनेमार्कने टिटॅनियमचा खिळा जबड्यात रुजविला, आणि त्यावर बसविलेला दात मामांच्या कवळीसारखा हलत नाही. झिर्कोनिया नावाचे द्रव्य तर इतके चिवट आहे की त्याचा दात सहसा फुटत नाही. यंत्राला माप संगणकातून मिळते आणि यंत्र ठोकळ्यातून दात कोरून देते. हे सारे परभणीतही मिळते. ज्याला परवडते त्याला.

यंत्रातून निघालेला दात मात्र खडूसारखा पांढरा असतो. शेजारच्या दाताशी तो जुळावा म्हणून कारागीर ब्रशाने त्याला रंग देतो आणि पुन्हा भट्टीत घालतो. जर्मनीच्या व्हिटा कंपनीची रंगपट्टी सगळीकडे चालते. आपल्याकडच्या चहा-पानाच्या तोंडांना तिच्यातला ए-३ किंवा त्याहून गडद रंग लागतो, आणि गिऱ्हाईक मात्र ए-१ मागते, असे एका तरुण कारागिराने मला सांगितले. त्याला दातामागे पैसे मिळतात. दात परत आला तर मजुरी बुडते, मग माप चुकलेले असो की रंग. गेल्या पावसाळ्यात अशा सहा जणांना घेऊन मी बसलो होतो. मला वाटले, ते दरवाढीपासून सुरुवात करतील. त्यांनी एका वहीच्या पानावर मागण्या लिहून आणल्या होत्या. पहिलीच मागणी होती: घासण्याच्या मेजावर धूळ ओढणारा पंखा.